खापर कुणाच्या डोक्यावर?

खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रात उघड्या डोक्याने फिरता येत नाही. कायम कामगार असो, कंत्राटदाराचा माणूस असो की नागपूरहून तपासणीला आलेला साहेब, संचाजवळ जायचे तर हेल्मेट हवेच. आजूबाजूच्या वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, भुयारी खाणींतही तेच. टोपी आणि टोपीवरचा दिवा असल्याशिवाय माणूस खाली उतरत नाही. या सक्तीविरुद्ध कुणी मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही. डोक्यावर काही पडू शकते हे तिथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

मग पाळी सुटते. हेल्मेट खुंटीवर जाते, नाहीतर सायकलच्या हँडलला लटकते. तोच माणूस डोक्याला फार तर दुपट्टा गुंडाळून बाहेरच्या रस्त्याला लागतो. चनकापूर, वलनी, पोटा, दहेगाव रंगारी, भानेगाव, कुठलेही घर चार-सहा किलोमीटरच्या आत. पण त्याच रस्त्यावर कोळशाचे टिप्पर असतात, राखेचे बल्कर असतात, कडेला साचलेली काळी भुकटी असते आणि संध्याकाळी समोरून डोळ्यांवर येणारे दिवे असतात. आठ तास ज्याच्या डोक्याची एवढी काळजी घेतली, त्याच्या डोक्याची फाटकाबाहेर पडताच कुणालाच चिंता नाही, असा हा देखावा आहे.

तो पाहून कुणीही सरळ विचारील, आत सक्ती चालते तर बाहेर का नको? सायकलस्वारालाही हेल्मेट सक्तीचे करून टाका. प्रश्न सरळ आहे, पण उत्तराला शंभर वर्षांचा इतिहास चिकटलेला आहे. गावाच्या नावातच खापर आहे, हा योगायोगही इथे उपयोगी पडतो. मराठीत खापर म्हणजे भाजल्या मातीचा तुकडा, आणि खापर म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यावर फोडायची वस्तू. जगात जिथे जिथे हेल्मेटचा वाद पेटला, तिथे तिथे त्याच्या बुडाशी एकच गोष्ट सापडते. अपघाताचे खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचे?

सुरुवात खाणीपासूनच केली पाहिजे, कारण डोके वाचवण्याची विद्या जमिनीखालून वर आली. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातले कथिल-तांब्याचे खाणकामगार राळेने कडक केलेली नमद्याची टोपी घालत आणि ओल्या मातीच्या गोळ्यात मेणबत्ती रोवून ती टोपीवर चिकटवत. कायदा नव्हता, मालकाचा आग्रह नव्हता. छतावरून दगड येतो, एवढे त्यांना माहीत होते. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या एडवर्ड बुलार्ड या अमेरिकी तरुणाने सैनिकांची पोलादी शिरस्त्राणे पाहिली होती. सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्या घरचा धंदा खाणकामगारांना सामान पुरवण्याचा. १९१९ मध्ये त्याने वाफवलेले कॅनव्हास आणि सरस यांपासून कडक टोपी बनवली. आज वीज केंद्रात दिसणारे पिवळे-पांढरे हेल्मेट याच टोपीच्या वंशातले.

या टोपीची खरी परीक्षा १९३३ नंतर त्याच शहरातल्या गोल्डन गेट पुलावर झाली. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्राउस यांनी कामगारांना टोपी सक्तीची केली. पण ते टोपीवर थांबले नाहीत. पुलाखाली दोरखंडाचे मोठे जाळे बांधायला लावले. त्या काळी या जाळ्याचा खर्च अनेकांना उधळपट्टी वाटला असेल, पण त्यात पडून १९ माणसे वाचली. टोपी होती वरून पडणाऱ्या खिळ्यासाठी आणि जाळे होते वरून पडणाऱ्या माणसासाठी. पुढे १७ फेब्रुवारी १९३७ ला एक जड मचाण कोसळले, जाळे फाडून खाली गेले आणि दहा जण मेले. तेव्हा चौकशी मचाणाची झाली. मेलेल्यांच्या डोक्यावर टोपी होती की नाही, हा प्रश्न मुद्द्याचा नव्हताच.

आपल्याकडे खाण अधिनियम १९५२ चा, कोळसा खाण विनियम १९५७ चे आणि २०१७ मध्ये नव्याने लिहिलेले. कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ मध्ये पूर्ण झाले, १९७५ मध्ये वेकोलि आली. या विनियमांत टोपीचा नियम आहे आणि टोपी पुरवण्याची जबाबदारी मालकावर आहे. पण तो नियम एकटा नाही. छताला आधार कसा द्यायचा, किती अंतरावर टेकू किंवा लोखंडी बोल्ट मारायचे, हवा किती खेळवायची, पाण्याने भरलेल्या जुन्या खाणीपासून किती लांब राहायचे, याचे नियम टोपीहून कितीतरी जास्त जागा व्यापतात. छत कोसळून माणूस दगावला तर आधार का नव्हता, सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या मायनिंग सरदाराने जागा तपासली होती का, त्याच्यावरच्या ओव्हरमनने काम कुणाच्या सांगण्यावरून सुरू केले, हे विचारले जाते. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळ चासनाला खाणीत शेजारच्या जुन्या खाणीतले पाणी घुसले आणि ३७५ जण बुडाले. पाणी टोपीला विचारत नाही.

औद्योगिक सुरक्षेच्या पुस्तकात या अनुभवांचा एक क्रमच लावलेला आहे. आधी धोका काढून टाका. काढता येत नसेल तर कमी धोक्याची पद्धत आणा. मग माणूस आणि धोका यांच्यात आडोसा घाला. मग नियम, वेळापत्रक, प्रशिक्षण. आणि हे सगळे करूनही जे उरते, त्यासाठी सगळ्यात शेवटी हेल्मेट, बूट, हातमोजे. खापरखेड्याच्या केंद्रात जो कामगार सुरक्षा सप्ताहात या क्रमाचा फलक वाचतो, त्याला हेल्मेटचे स्थान शेवटच्या पायरीवर आहे हे ठाऊक असते. फाटकाबाहेर मात्र आपण शेवटच्या पायरीलाच पहिली म्हणतो.

रस्त्यावर हेल्मेट आले ते मोटारसायकलच्या मागे बसून. १३ मे १९३५ ला इंग्लंडच्या डॉर्सेटमध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजे पहिल्या महायुद्धात अरबस्तानात गाजलेला तो लॉरेन्स, मोटारसायकलवरून येत होता. समोर दोन मुले सायकलींवर होती. त्यांना वाचवायला त्याने गाडी वळवली, तो फेकला गेला आणि सहा दिवसांनी गेला. उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हा तरुण मेंदूशल्यविशारद होता. या मृत्यूने तो अस्वस्थ झाला. त्याने सैन्यातील संदेशवाहक मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमा अभ्यासल्या, १९४१ मध्ये निष्कर्ष छापले आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. सामान्य नागरिकांवर ब्रिटनमध्ये ही सक्ती यायला १ जून १९७३ उजाडला. लढाईतले शहाणपण रस्त्यावर यायला बत्तीस वर्षे लागली.

या कहाणीत सायकलवरची दोन मुले आहेत, त्यांच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. हेल्मेटच्या जन्मकथेत सायकल आहे ती वाचवले गेलेल्याची. धोका निर्माण करणारे वाहन मोटारसायकल होती आणि आधी स्वतःला सावरायची जबाबदारीही तिच्यावरच टाकली गेली.

भारतात मोटारसायकलस्वाराच्या हेल्मेटची तरतूद १९७० च्या दशकाच्या अखेरीस जुन्या मोटार वाहन कायद्यात आली. पुढे १९८८ च्या कायद्यात ती कलम १२९ म्हणून आली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने आंध्रातल्या हेल्मेट नियमाला दिलेले आव्हान फेटाळले. हेल्मेटने संचारस्वातंत्र्यावर गदा येत नाही, असे न्यायालयाचे मत पडले. कायदा असा पक्का झाला, अंमलबजावणी मात्र महाराष्ट्रात कायम भांडणाचा विषय राहिली. २०१६ च्या पावसाळ्यात परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही, असे जाहीर केले आणि थोड्याच दिवसांत तो बेत गुंडाळावा लागला. नागपूरचे पोलीस आयुक्त राहून पुण्यात गेलेले के. व्यंकटेशम यांनी १ जानेवारी २०१९ पासून पुण्यात सक्ती कडक केली, तेव्हा पुणेकरांनी पगड्या घालून निषेध केला. ज्या समाजात एकेकाळी उघड्या डोक्याने घराबाहेर पडणे अशुभ मानले जाई, त्या समाजाने डोके झाकण्याविरुद्ध लढावे आणि लढताना पगडी घालावी, ही गंमत इतिहासालाच सुचू शकते. शीर सलामत तो पगडी पचास, हे त्या मोर्चातल्या प्रत्येकाने लहानपणी ऐकलेले होते.

मोटारसायकलच्या बाबतीत आमच्या मनात शंका नाही. सक्ती हवी, मागे बसणाऱ्यालाही हवी. २०१९ च्या दुरुस्तीने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ती लागू झाली, हेही योग्य. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या हिशेबात २०२२ मध्ये हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण दुचाकीवर मेले. इंजिनाचा वेग हाती घेणाऱ्याने त्या वेगाची किंमत ओळखावी, यात अन्याय काही नाही. सायकलस्वाराचा प्रश्न इथून वेगळा होतो. त्याच्या हाती इंजिन नाही. त्याचा वेग ताशी बारा-पंधरा किलोमीटर. तो ज्या वेगाने मरतो, तो वेग दुसऱ्याचा असतो.

सायकलचे हेल्मेट ही तशी अलीकडची वस्तू. शर्यतीतले स्वार पूर्वी चामड्याच्या पट्ट्यांची जाळीदार टोपी घालत. तिने कान वाचत, डोके फारसे नाही. आपण ज्याला थर्माकोल म्हणतो, त्याचा जाड थर आत असलेले हेल्मेट अमेरिकेच्या बेल कंपनीने १९७५ मध्ये बाजारात आणले. थर्माकोल दबतो, फुटतो आणि तसे करताना धक्क्याचा जोर स्वतः गिळतो, हे त्याचे सारे तंत्र. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट म्हणूनच पुन्हा वापरायचे नसते. युरोपच्या मानकानुसार त्याची चाचणी ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने सपाट लोखंडावर आपटून होते. म्हणजे ते बनवले आहे सायकलवरून पडणाऱ्यासाठी. टिप्परच्या धडकेचे गणित त्याला घातलेलेच नाही. आणि वीज केंद्रातली टोपी घालून सायकल चालवणाऱ्यानेही एक लक्षात ठेवावे. ती टोपी मुख्यतः वरून पडणाऱ्या वस्तूसाठी आहे. कपाळावर किंवा कानशिलावर आपटणाऱ्यासाठी ती घडवलेली नाही.

मे १९८९ मध्ये अमेरिकेच्या सिॲटल शहरातल्या संशोधकांनी एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास छापला. हेल्मेटने डोक्याच्या दुखापतीचा धोका ८५ टक्क्यांनी कमी होतो, असा त्यांचा हिशेब होता. हा आकडा जगभर फिरला, फलकांवर चढला, कायदेमंडळांत गाजला. पुढच्या अभ्यासांत तो इतका राहिला नाही. २०१६ मध्ये चाळीस अभ्यास एकत्र करून काढलेल्या हिशेबात डोक्याच्या दुखापतीतली घट निम्म्याच्या आसपास आणि गंभीर दुखापतीतली सुमारे ६९ टक्के निघाली. तरीही हे थोडे नाही. पडलेल्या माणसाच्या डोक्यावर हेल्मेट असणे हे नसण्यापेक्षा चांगले, यावर आता शहाण्या माणसाने वाद घालू नये.

पण कायदा डोक्यावर काय आहे एवढेच बदलत नाही, तर रस्त्यावर कोण आहे तेही बदलतो. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० पासून सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. याच राज्याने त्याच्या वीस वर्षे आधी मोटारीतला सीटबेल्ट जगात सर्वांत आधी सक्तीचा केला होता, त्यामुळे आत्मविश्वास दांडगा. डोक्याच्या दुखापती घटल्या. पण मेलबर्नमध्ये ठरावीक ठिकाणी केलेल्या मोजणीत वर्षभरात सायकलस्वारच ३६ टक्क्यांनी कमी भरले. सर्वांत जास्त गळती किशोरवयीन मुलांत झाली. त्या मोजणीच्या दिवसांचे हवामान, नंतरची भर, यांवरून तज्ज्ञांचे भांडण अजून चालू आहे. न्यूझीलंडने १९९४ मध्ये तोच मार्ग धरला. उलट मेक्सिको सिटीने २०१० मध्ये भाड्याच्या सायकली सुरू करताना सक्ती काढून टाकली आणि पुढच्याच वर्षी इस्राएलने शहरांतल्या प्रौढांना मोकळे केले. ज्या सिॲटलच्या अभ्यासाने जगाला हेल्मेट दिले, त्या सिॲटलच्या भागानेही फेब्रुवारी २०२२ मध्ये सक्ती मागे घेतली. दंडाच्या पावत्या बेघर आणि कृष्णवर्णीय माणसांच्या हातीच जास्त पडत होत्या, हे त्यामागचे कारण.

नेदरलँड्सची वाट निराळी. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. ज्याची मुलगी अपघातात गेली होती, त्या विक लांगेनहॉफ या पत्रकाराने १९७२ मध्ये एक लेख लिहिला आणि त्यातून बालहत्या थांबवा अशा नावाची चळवळ उभी राहिली. त्या आईबापांनी मुलांसाठी टोपी मागितली नाही. मोटारींचा वेग कमी करा, सायकलींना वेगळी वाट द्या, असे ते म्हणाले. आज त्या देशात चारपैकी एकाहून अधिक फेऱ्या सायकलवर होतात आणि साध्या सायकलवर हेल्मेट क्वचित दिसते. ताशी ४५ किलोमीटरपर्यंत पळणाऱ्या विजेच्या सायकलला मात्र त्यांनी २०१७ पासून हेल्मेट सक्तीचे केले. वेग वाढला की टोपी, हा त्यांचा हिशेब.

आता आपल्या घरचे पाहू. २००१ च्या जनगणनेत देशातल्या ४३.७ टक्के घरांत सायकल होती, २०११ मध्ये ४४.८ टक्के. त्याच दहा वर्षांत मोटारसायकल किंवा स्कूटर असलेली घरे ११.७ वरून २१ टक्क्यांवर गेली. म्हणजे सायकल घरातून गेली नाही. रस्त्यावरचा तिचा मान गेला. एके काळी नगरपालिका सायकलवर कर घेई आणि त्याचा पितळी बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा डबल सीट दिसले की हवालदार अडवी आणि दंड नसेल तर चाकातली हवा सोडून देई. त्या काळात सायकलस्वार वाहतुकीचा गुन्हेगार म्हणून का होईना, सरकारच्या नजरेत होता. आज मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतच तो बसत नाही, आणि रस्ता आखणाऱ्याच्या नकाशातही सहसा बसत नाही. २५० वॉटच्या आतली, ताशी २५ किलोमीटरपर्यंतची बॅटरीची सायकलही मोटार वाहन ठरत नाही, तेव्हा तिलाही हेल्मेट नाही.

या कायद्याच्या जाळ्यात एक विलक्षण गाठ आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने मोटारसायकलवर नेल्या जाणाऱ्या चार वर्षांखालच्या मुलांसाठी नियम केले. मुलाच्या डोक्यावर त्याच्या मापाचे क्रॅश हेल्मेट हवे, किंवा सायकलचे हेल्मेट चालेल. आपल्या कायद्याला सायकलचे हेल्मेट आठवले ते असे, मोटारसायकलवरच्या तान्ह्या मुलासाठी. तेच मूल आठवीत जाऊन सायकलवर शाळेला निघते तेव्हा कायदा गप्प असतो. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातल्या १२५ तालुक्यांत शाळकरी मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. ही योजना चांगलीच आहे. पण त्या पैशाबरोबर हेल्मेट येत नाही आणि मुलगी ज्या रस्त्याने जाणार त्याची साइडपट्टीही येत नाही.

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत सायकलस्वार ४,८३६ आणि पायी चालणारे ३२,८२५. पायी मेलेल्यांपैकी पुष्कळांचे डोकेच फुटले असणार. तरी पादचाऱ्याला हेल्मेट घाला, असे कुणी सुचवले तर आपण हसू. का हसू? कारण चालणे हा हक्क आहे आणि चालणाऱ्याला वाचवणे हे वाहनवाल्याचे काम आहे, असे आपण आतून मानतो. सायकल चालवणारा या दोहोंच्या मध्ये अडकला. त्याच्या बुडाखाली चाके आहेत म्हणून त्याला वाहनवाला धरायचे आणि त्याच्याकडे इंजिन नाही म्हणून रस्ता द्यायचा नाही.

आपल्या वर्तमानपत्रांत एक मथळा वर्षानुवर्षे तसाच छापला जातो: अज्ञात वाहनाच्या धडकेत सायकलस्वार ठार. सायकलला हेल्मेट सक्तीचे झाले तर या बातमीत एक ओळ वाढेल, त्याने हेल्मेट घातले नव्हते. वाहन अज्ञातच राहील, हेल्मेट नसणे तेवढे ज्ञात होईल. पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यात विमा कंपनीचा वकील तीच ओळ पुढे करील, मृताचाही दोष होता म्हणेल आणि रक्कम कापायला सांगेल. धडक देऊन पळालेल्या वाहनाच्या प्रकरणात मृताच्या घरच्यांना दोन लाख रुपये मिळतात, हेसुद्धा वलनी-चनकापुरातल्या किती घरांना माहीत असेल! चोर सोडून संन्याशाला सुळी, असे म्हणतात ते हेच.

शिवाय दंड कुणाला होणार, हेही बघितले पाहिजे. नागपूरच्या फुटाळ्याला पहाटे फिरणाऱ्या हौशी सायकलपटूच्या डोक्यावर चांगले हेल्मेट आधीपासूनच असते. नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत एकट्याने पुरी करून आले. त्यांच्या वाटेने जाणाऱ्या तरुणांना हेल्मेटचे महत्त्व सांगावे लागत नाही. सक्तीची पावती फाटेल ती मजुरीच्या पैशातून जुनी सायकल चालवणाऱ्या कंत्राटी कामगाराची, दूधवाल्याची, शाळेतून येणाऱ्या मुलीची. २३ मे २०१३ ला नागपूरने ४७.९ अंश पाहिले. त्या उन्हात डोक्याला पांढरा दुपट्टा आणि खिशात कांदा घेऊन निघणाऱ्याला आधी उन्हाची भीती असते. हवा खेळणारी, स्वस्त, मापाची टोपी बाजारात सहज मिळत नसताना त्याच्याकडून दंड घेणे म्हणजे गरिबीवरच कर लावणे.

म्हणून आमचे म्हणणे दोन भागांत आहे आणि एक घेऊन दुसरा सोडता येणार नाही. हेल्मेट घालावे. अंधारात पाळीला जाणाऱ्याने, शाळकरी मुलांनी, वेगाने जाणाऱ्या प्रत्येकाने घालावे. उघड्या डोक्याला शौर्य समजणारा माणूस मेडिकल रुग्णालयाच्या अपघात विभागात एक रात्र बसला तर त्याचे मत बदलेल. पण सक्ती आणि दंड सायकलस्वारावर नको. कारखान्यातला तो क्रम रस्त्यावर आणा, मग शेवटच्या पायरीवर टोपीचे बोलू.

तो क्रम खापरखेड्यात कसा दिसेल? पहिली पायरी, धोका काढणे. पाळी सुटण्याच्या आधी-नंतरच्या अर्ध्या तासात गावाच्या रस्त्यावर टिप्पर आणि बल्कर सोडू नयेत. वाहतुकीचे कंत्राट देणाऱ्याला हे एका ओळीत लिहिता येते. दुसरी, आडोसा. पक्क्या साइडपट्ट्या, राख आणि कोळशाची भुकटी रोज झाडणे, वळणांवर दिवे, ट्रकच्या दोन्ही बाजूंना चाकाखाली माणूस जाऊ नये म्हणून लोखंडी कठडे. तिसरी, नियम. वस्तीत वेगाची मर्यादा आणि ती मोजणारा कॅमेरा. आणि शेवटी टोपी, ती मात्र कामगाराच्या पगारातून नको. जी कंपनी आत हेल्मेट देते, तिने बाहेरचेही द्यावे. जी योजना सायकल देते, तिने तिच्याबरोबर हेल्मेट आणि मागचा लाल दिवाही द्यावा.

ही मागणी भाबडी वाटेल त्यांनी एक निकाल आठवावा. मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ मध्ये पहाटेच्या पाळीवर जाताना रस्त्यात अपघातात गेला. बावीस वर्षांनी, २९ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की नोकरीशी धागा जुळत असेल तर कामावर जाता-येताना झालेला अपघातही नोकरीतलाच अपघात आहे. म्हणजे मालकाची जबाबदारी फाटकाला येऊन संपत नाही, हे आता देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे आहे. खापरखेड्यात १९८९ पासून २१० मेगावॉटचे चार संच आणि पुढे ५०० मेगावॉटचा पाचवा उभा राहिला, सारे मिळून १,३४० मेगावॉट. एवढी वीज राज्याला देणाऱ्या गावाच्या रस्त्यावर चार खांबांचा उजेड मागणे फार नाही.

भुयारी खाणीत काम सुरू होण्याआधी मायनिंग सरदार काठीने छत ठोकून पाहतो. आवाज भरीव आला तर ठीक, पोकळ आला तर माणसे मागे. मग तो अहवालाच्या वहीत लिहितो आणि खाली सही करतो. त्या सहीमुळे छत पडलेच तर विचारायला एक नाव असते. खापरखेड्याहून चनकापूरला जाणाऱ्या रस्त्यासाठी अशी वही नाही. ती उघडा. रोज संध्याकाळची पाळी सुटण्याआधी कुणीतरी तो रस्ता ठोकून पाहावा, दिवे लागले का, कडा झाडल्या का, टिप्पर थांबले का, आणि खाली आपले नाव लिहावे. त्या सहीखाली सायकलस्वाराच्या हेल्मेटसाठीही एक रकाना ठेवा. तोपर्यंत खापर त्याच्या डोक्यावर फोडू नका.